कोणाची गं तू?

रविवारी दुपारी यम चा, म्हणजे चहाबरोबरचा चिनी फराळ, खाऊन बाहेर पडलो की रेवा सगळ्यांच्या आधी किंबर लेनमध्ये पळते. सिडनीच्या चायनाटाउनमध्ये डिक्सन स्ट्रीटजवळची ही अरुंद गल्ली. हॉटेलांची मागची दारं तिथे उघडतात. भाज्यांचे रिकामे खोके, तेलाचे डबे, एप्रन बांधून दोन मिनिटं हवा खायला आलेला आचारी, जे कुठल्याही मागच्या गल्लीत असतं ते इथेही आहे. पण भिंती निळ्या आहेत. निळ्यावर ढग आहेत, गोल वळणं घेत पुढे शेपटीसारखे निमुळते होणारे, चिनी रेशमावर असतात तसे. ते भिंतीवरून उतरून पायाखालच्या फरशीवरही आले आहेत. मान वर केली की दोन इमारतींच्या मधल्या आभाळाच्या पट्टीत आकृत्या टांगलेल्या दिसतात. धड माणसं नव्हेत, धड आत्मे नव्हेत. अंधार पडला की त्या उजळतात.

रेवा माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. वय वर्षं दहा. तिचा बाबा मलेशियातल्या इपोहचा, घरात कँटोनीज बोलणारा. त्यामुळे रेवा तिच्या बाबाच्या आईला ‘मामा’ म्हणते, कारण कँटोनीजमध्ये वडिलांच्या आईला तसंच म्हणतात. माझी आई पहिल्यांदा सिडनीला आली तेव्हा पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईला सगळे मामा का म्हणताहेत हे तिला दोन दिवस कळेना. मग कळलं, आणि तेव्हापासून तीही त्यांना मामाच म्हणते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण एकत्र बसून शेंगा सोलतात.

तर त्या दिवशी गल्लीत रेवाने विचारलं, “मावशी, हे कोणी केलं?”

मला माहीत होतं, म्हणून सांगितलं. जेसन विंग नावाच्या कलाकाराने २०११ मध्ये केलं. त्याचे एकीकडचे पूर्वज चिनी आणि दुसरीकडचे बिरिपाय, म्हणजे इथले मूळचे. कामाचं नाव ‘इन बिटवीन टू वर्ल्ड्‌स’, दोन जगांच्या मधलं.

“म्हणजे तो अर्धा-अर्धा,” रेवा म्हणाली. “माझ्यासारखा.”

माझ्या तोंडून चटकन ‘हो’ निघणार होतं. आपण बोलतोच तसं. मंडळाच्या गणपतीत रेवाला आरती म्हणताना पाहून किती जणांनी कौतुकाने म्हटलं असेल, “अर्धी मराठी असून किती स्वच्छ म्हणते!” मीही ते ऐकून सुखावले आहे. पण त्या गल्लीत, त्या ढगांखाली, हा शब्द घशातच अडकला. कारण या देशात ‘अर्धा’ हा शब्द कोणी, कशासाठी वापरला होता ते तोवर मला थोडंफार कळलं होतं.

आधी एक खुलासा. इथल्या मूळच्या लोकांना मराठीत काय म्हणावं हा प्रश्न मला सिडनीत आल्यापासूनच पडला आहे. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपले डोंगर, आपले पाडे येतात. ‘अ‍ॅबोरिजिनल’ हा बाहेरून चिकटवलेला एकच शब्द शेकडो भाषांच्या, शेकडो मुलखांच्या माणसांना एका गोणीत भरतो. त्यांचे ते स्वतःला गाडिगल, कामिलरॉय, विराजुरी, यॉर्टा यॉर्टा म्हणतात. एकत्र म्हणायचं तर न्यू साउथ वेल्स-व्हिक्टोरियाकडे ‘कूरी’. आणि ‘कंट्री’ म्हणतात तेव्हा त्यांना देश म्हणायचा नसतो. आपला ‘मुलूख’ त्याच्या जास्त जवळ आहे. किंबर लेन गाडिगल मुलखात आहे, मग गल्लीवर पाटी कुठलीही असो.

आता ‘अर्धा’. ए. ओ. नेव्हिल हा १९१५ पासून पंचवीस वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात मूळच्या लोकांचा कारभार पाहणारा अधिकारी. त्याच्या हुद्द्यात ‘संरक्षक’ असा शब्द होता. त्याने १९४७ मध्ये छापलेला एक फोटो आहे. आजी, मुलगी आणि नातू शेजारी शेजारी उभे आहेत. आजीचा रंग सावळा, मुलीचा उजळ, नातू गोरा. खाली ओळ आहे, आणि त्या ओळीत तिघांपैकी एकाचंही नाव नाही. आजी म्हणजे ‘हाफ’, मुलगी ‘क्वाड्रून’, नातू ‘ऑक्टरून’. अर्धी, पाव, अर्धपाव. बाजारातलं माप. दर पिढीला काळ्याचा हिस्सा निम्मा करत जायचा, एक दिवस शून्य येईल, असा तो हिशेब. १९३७ मध्ये कॅनबेरात राज्याराज्यांचे अधिकारी बसले आणि मिश्र रक्ताच्या लोकांना गोऱ्यांत विरघळवून टाकायचं हे धोरण म्हणून ठरलं. मुलं उचलून नेण्यामागे हाच हिशेब होता. १९९७ च्या चौकशी अहवालाप्रमाणे १९१० ते १९७० या काळात मूळच्या लोकांच्या दर दहा मुलांमागे एक ते दर तीन मुलांमागे एक इतक्या प्रमाणात मुलं आईबापांपासून तोडली गेली. उजळ रंगाच्या मुलांवर डोळा अधिक. विरघळायला ती सोपी.

आणि चिनी? क्वीन्सलंडने १८९७ मध्ये एक कायदा केला. त्याच्या नावातच दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, मूळच्या लोकांचं ‘संरक्षण’ आणि अफूच्या विक्रीवर बंदी. अफू विकणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट होतं ते चिनी. १९०१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि मूळच्या बाईला बाहेरच्या पुरुषाशी लग्न करायचं तर साहेबाची लेखी परवानगी लागू लागली. म्हणजे चिनी आणि मूळचे लोक एकमेकांजवळ येऊ नयेत यासाठी कागद रंगवले गेले होते. त्याला शंभराहून जास्त वर्षं उलटल्यावर एका मिश्र घरातला मुलगा चायनाटाउनच्या गल्लीत चिनी ढग काढतो आणि त्या ढगांवर पूर्वज तरंगत ठेवतो. ते पूर्वज चिनी की बिरिपाय हे तुम्हाला सांगता येणार नाही. मी अनेकदा बघितलं आहे, मला नाही सांगता आलं. या कामाची सगळी ताकद मला त्यातच वाटते.

इथे आपलाही एक धागा आहे, पुस्तकात वाचला तेव्हा मी चमकले होते. १८६० मध्ये मेलबर्नच्या बंदरात चोवीस उंट उतरले, ऑस्ट्रेलियाच्या पोटात शिरणाऱ्या मोहिमेसाठी. ते कराचीहून आले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढे सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान इथून उंटवाले येत राहिले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. बायका आणायची सोय नव्हती. कित्येकांनी वाळवंटातल्या मूळच्या बायकांशी संसार केले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज आहेत, मशिदीची आठवण आणि आजीची भाषा दोन्ही सांभाळणारी.

मी रोज वेस्टमीडहून गाडीने रेडफर्नला उतरते. कामाचं ठिकाण तिथून चालत दहा मिनिटं. स्टेशनबाहेर आलं की समोर लॉसन स्ट्रीटच्या पुलाची लांब भिंत आहे. तिच्यावर १९८३ मध्ये कॅरल रफ आणि तिच्याबरोबरच्या कलाकारांनी चित्र काढलं. त्यांत ट्रेसी मोफॅटही होती, जी पुढे व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाची प्रतिनिधी म्हणून गेली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, चाळीस हजार वर्षं म्हणजे फार फार मोठा काळ. ही ओळ जो गीया या गायकाच्या गाण्यातली. भिंत रंगवली तेव्हा चाळीस हजार हा आकडा मोठा वाटत असणार. आता उत्तरेकडच्या माजेडबेबेच्या खडकाच्या कपारीतल्या उत्खननानंतर पासष्ट हजार वर्षांपर्यंतची गोष्ट होते. भिंतीवरचा आकडा तसाच आहे, आणि बदलू नये असं मला वाटतं. तो त्या वर्षीचा आहे, त्या माणसांच्या हातचा आहे.

त्याच भिंतीवर रेडफर्न ऑल ब्लॅक्स या रग्बी संघाची १९७९ ची फळी उभी आहे. हाताची घडी, छाती पुढे, कुठल्याही गावच्या तालमीत टांगलेल्या फोटोत असतात तशी पोरं. मला ती फळी फार आवडते. पुरातन आणि गूढ असं काहीतरी दाखवा अशी अपेक्षा घेऊन आलेल्या माणसाला ही भिंत रग्बीची टीम दाखवते. शहरात राहणारी, गाडी पकडणारी, शनिवारी मॅच खेळणारी माणसं. शहरात आलात, बूट घातलेत, इंग्रजी बोललात की तुमच्यातलं मूळपण कमी झालं, हाही त्या अर्ध्या-पावक्याच्या हिशेबाचाच भाग होता.

या भिंतीपाशी मला आंटी भेटली. म्हणजे आम्ही एकाच ठिकाणी काम करत होतो, पण ओळख झाली ती इथे. साठीच्या पुढची, विराजुरी, आणि तिला सगळे आंटीच म्हणतात. तिच्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला आदराने आंटी म्हणतात, आपण परक्या बाईलाही मावशी-काकू म्हणतो तसं. तिचे डोळे घारे आहेत आणि रंग माझ्याहून उजळ. मी नवखी होते, आणि एक दिवस चालता चालता तिला विचारून बसले, “तुमच्याकडे आजी विराजुरी होती की आजोबा?” मला वाटलं, मी साधी चौकशी करतेय.

ती थांबली. रागावली नाही. म्हणाली, “तुला किती ते विचारायचंय ना?” मग हातातल्या कपाकडे बोट दाखवून म्हणाली, “चहात कितीही दूध ओत. चहाच राहतो.”

हे वाक्य तिच्या लोकांत घरोघरी आहे हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र कान तापले. आंटीने मग समजावलं. “आमच्यात कोणी नवं भेटलं की आम्ही किती ते विचारत नाही. विचारतो, हू इज युवर मॉब? तुझी माणसं कोण? ती नाव सांगते, मी नाव सांगते. तिची आत्या माझ्या मावशीच्या शेजारी राहिलेली निघते. झालं, ओळख पटली.”

आणि मला वाईजवळच्या आमच्या गावची पार ओलांडायची वाट आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तिथून गेलो की पारावरची एखादी म्हातारी डोळ्यांवर हात धरून हाक मारायची, “कोणाची गं तू?” माझं नाव तिला नको असायचं. बाबांचं नाव सांगितलं की म्हणायची, “अगोबाई, म्हणजे सरूची नात!” मग ओचा सोडून त्यातले चार फुटाणे हातावर. ‘कोणाच्यातले तुम्ही’ हा आपल्याकडचा दुसरा प्रश्न, जो जात काढायला विचारतात, तो वेगळा. तो माणसाला खोक्यात घालतो. म्हातारीचा प्रश्न माणसाला माणसांशी जोडायचा. हे दोन प्रश्न इतके सारखे दिसतात आणि इतके उलट आहेत, हे मला सिडनीत आंटीने शिकवलं.

सरकारदरबारी आता कोण मूळचा हे ठरवायला तीन गोष्टी पाहतात. वंश आहे का, तो स्वतःला तसं मानतो का, आणि त्याची माणसं त्याला आपला मानतात का. टक्केवारी त्यात कुठेच नाही. तरी ती लोकांच्या तोंडून जात नाही. गोऱ्या रंगाचे लोक फायद्यासाठी मूळचे म्हणवतात, असं लिहिणाऱ्या एका स्तंभलेखकाविरुद्ध नऊ जण कोर्टात गेले आणि २०११ मध्ये फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या नवांपैकी एक होती मेलबर्नची कलाकार बिंडी कोल. तिने त्याआधीच, २००८ मध्ये, आपल्या घरच्यांचे फोटो काढले होते. चेहऱ्यांना काळं फासलेलं, कपाळाला लाल पट्टी. तुम्हाला हवा तसा काळा रंग हा घ्या, आता पटलं का, असं विचारणारे ते फोटो बघताना मला मान वर करवेना.

भिंतींचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी सांगावीशी वाटते ती भिंत आज नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अनमाचिर, अरंडा अशा निरनिराळ्या लोकांना सरकारने तिथे आणून एकत्र ठेवलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हा तरुण चित्रकला शिक्षक शाळेत होता. शाळेची भिंत रंगवायची ठरली आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांनी ते काम अंगावर घेतलं. कापा चंपिचिन्पा त्यांत पुढे. विषय ठरला मधमुंगीचा, कारण पापुन्याची जागाच मधमुंगीच्या कथेची. मधमुंगी म्हणजे पोटात मध साठवून फुग्यासारखी टंच झालेली मुंगी, जमीन खणून काढायची आणि चोखायची.

बार्डनने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की पहिल्यांदा भिंतीवर ज्या मुंग्या आल्या त्या गोऱ्यांच्या चित्रांतल्यासारख्या होत्या. बघताक्षणी मुंगी म्हणून ओळखू येणाऱ्या. त्याने विचारलं, या मुंग्या तुमच्या की गोऱ्यांच्या? माणसं आपसांत बोलली. मग ती मुंगी पुसली गेली आणि तिथे त्यांच्या वाळूत काढायच्या, अंगावर रंगवायच्या खुणेची मुंगी आली. मला या गोष्टीतला तो मधला वेळ डोळ्यांपुढे येतो. भिंतीपुढे उभी माणसं, हातात ब्रश, आणि आपसांत चाललेली कुजबूज. ही खूण उघड्यावर काढायची का? शाळेच्या भिंतीवर, गोऱ्यांच्या डोळ्यांदेखत? ती कोणाची आहे, काढायचा हक्क कोणाला? एवढं सगळं त्या एका मुंगीत आहे. आज जगभरच्या संग्रहालयांत टांगलेली पश्चिमी वाळवंटाची ठिपक्याठिपक्यांची चित्रं त्या भिंतीनंतर सुरू झाली.

१९७४ मध्ये ती भिंत रंगाचा हात मारून मिटवण्यात आली.

ठिपक्यांवरून आणखी एक सांगायला हवं. ही माझी चूक आहे आणि ती मी विसरलेली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आमच्या मंडळाने हॉल घेतला होता आणि दारातली रांगोळी माझ्याकडे होती. मला काहीतरी ‘इथलं’ करायचं होतं. मी कांगारू काढला आणि त्याचं अंग ठिपक्यांनी भरलं. गेरू, पिवळा, पांढरा, काळा. सगळ्यांनी फोटो काढले. आंटीला मी बोलावलं होतं. ती आली, रांगोळीपाशी थांबली, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “ही कोणाची गोष्ट आहे?”

मी म्हटलं, गोष्ट अशी नाही, नुसती नक्षी.

“आमच्याकडे नुसती नक्षी नसते,” ती म्हणाली. “आणि हे ठिपके माझेही नाहीत. ते वाळवंटातल्या लोकांचे. मी नदीकाठची. मीसुद्धा ते काढणार नाही.” मग विचारलं, “तुझ्या आजीकडे ठिपके नव्हते?”

होते की! माझी आजी पहाटे उठून अंगण सारवायची आणि बोटांच्या चिमटीतून ठिपके टाकायची, डाव्या हाताने पदर सावरत. सात ते सात, पंधरा ते आठ. ठिपके मोजताना ओठ हलायचे. मग रेघ निघायची आणि एकही ठिपका न सोडता परत पहिल्याला येऊन मिळायची. मला ती रांगोळी येते. ती माझ्या हातात असताना मी दुसऱ्याच्या घरातली उचलली.

आपल्याकडे वारलीचं काय होतं हे त्यानंतर मला दिसायला लागलं. लग्नाचा चौक हा वारली घरातल्या सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा, आत पालघट देवी, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणं म्हणत असताना. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती चित्रकला कागदावर, जगापुढे नेली, आणि त्यांना मान मिळाला याचा आनंदच आहे. पण त्या त्रिकोणी माणसांचा फेर आता उड्डाणपुलाच्या खांबांवर, कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर आहे, आणि तो काढणाऱ्या हातांपैकी किती वारली? माझ्या स्वतःच्या घरात असा कप आहे. मी तो फेकला नाही, पण तो उचलताना आता आंटीचा प्रश्न येतो.

रेको रेनीची गोष्ट याच्या उलट आहे. तो मेलबर्नच्या फुट्सक्रेत वाढला. पोरवयात स्प्रेचे डबे घेऊन भिंतींवर नाव लिहीत हिंडला. त्याची आजी ज्युलिया कामिलरॉय, लहानपणी घरच्यांपासून तोडून नेलेली. त्यामुळे नातवापर्यंत जे सहज यायला हवं होतं ते आलं नाही, त्याला ते शोधून आणावं लागलं. कामिलरॉय लोक विधींच्या जागी झाडांच्या खोडांवर कोरायचे, चौकटी, शंकरपाळ्यासारखे आकार एकात एक. त्यातली कित्येक झाडं तोडून खोडं संग्रहालयांत नेली. रेनीने तो शंकरपाळा उचलला आणि शहराच्या तोंडावर लावला. २०१२ मध्ये सिडनीच्या टेलर स्क्वेअरमधली एक जुनी रिकामी इमारत त्याने गुलाबी, निळ्या, काळ्या शंकरपाळ्यांनी मढवली आणि वर लिहिलं, नेहमीच होती, नेहमीच राहील. म्हणजे जमीन. मोर्च्यांतली ही घोषणा पुढे ‘मूळच्यांची’ अशी पूर्ण होते. ज्यांना ठाऊक त्यांना ठाऊक. काम तात्पुरतं होतं, आता नाही.

रंग बघा त्याचे. गेरू नाही, पिवळी माती नाही. डोळ्यांत घुसणारा गुलाबी, फवाऱ्याच्या डब्यातला. आजीकडची खूण आणि फुट्सक्रेचा रंग. त्यातलं एक खरं आणि दुसरं भेसळ असं तो मानत नाही. पुढच्याच वर्षी रेडफर्नमध्ये कॅरोलाइन आणि ह्यूगो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं एक जुनं घर त्याने तिथल्या तरुण पोरांना बरोबर घेऊन रंगवलं, ‘वेलकम टू रेडफर्न’. तो परिसर म्हणजे ‘द ब्लॉक’. १९७३ मध्ये अ‍ॅबोरिजिनल हाउसिंग कंपनी उभी राहिली ती इथली घरं आपल्या लोकांच्या ताब्यात यावीत म्हणून. आता बहुतेक जुनी घरं पडली, उंच इमारती आल्या. ‘या, तुमचं स्वागत आहे’ असं कोण कोणाला म्हणतंय, हे त्या कोपऱ्यावर उभं राहिलं की आपोआप कळतं. आम्ही सगळे, मी, रेवाची मामा, आणि जहाजातून आलेले गोरे, पाहुणेच आहोत.

लिन ओनस माझा सर्वात आवडता, आणि तो भिंतीवर फारसा राहिला नाही. वडील यॉर्टा यॉर्टा, आई स्कॉटिश. ऐंशीच्या दशकात मेलबर्नच्या नॉर्थकोटमधल्या मोठ्या कूरी भित्तिचित्रात मेगन इव्हान्स आणि इतरांबरोबर त्याचाही हात होता. त्या चित्रात गळ्यात साखळ्या घातलेली माणसं आहेत. पण मला त्याची वटवाघळं सांगायची आहेत. सिडनीच्या आर्ट गॅलरीकडे त्याचं १९९१ चं काम आहे. इथल्या प्रत्येक परसात असतो तो कपडे वाळत घालायचा छत्रीसारखा खांब, हिल्स हॉइस्ट. त्यावर शंभरेक वटवाघळं उलटी लटकलेली. प्रत्येकाच्या अंगावर उत्तरेकडच्या आर्नहेम लँडची बारीक तिरप्या रेघांची जाळी, रार्क. ही जाळी ओनसची स्वतःची नव्हती. तिकडच्या जॅक वुनुवुन या वडीलधाऱ्याने त्याला आपल्या कुळात घेतलं आणि ती काढायची परवानगी दिली. हे मला आंटीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर वाटतं. त्याने विचारलं, त्याला दिलं गेलं. मग त्याने ते कपड्यांच्या खांबावर, गोऱ्यांच्या परसात नेऊन टांगलं. रात्रीतून येऊन बसलेली वटवाघळं, आणि सकाळी कपडे घेऊन आलेली बाई दारात थबकलेली.

आमचं मिश्र असणं आणि त्यांचं मिश्र असणं एका तराजूत घालू नये, हे मी स्वतःला बजावत असते. माझी बहीण विमानात बसून आली, प्रेमात पडली, दोन्हीकडच्यांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग बारशाला साखर वाटली. रेवाचे दोन्ही मुलूख नकाशावर आहेत, तिकीट काढून जाता येतं. आंटीच्या आजीच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळच्या लोकांना संसदेपुढे आपला आवाज मांडायची जागा घटनेत द्यायची का, यावर सार्वमत झालं. मी ‘हो’ म्हणाले. साठ टक्के देश ‘नाही’ म्हणाला. सोमवारी रेडफर्नला उतरले तेव्हा भिंतीवरची १९७९ ची टीम तशीच हाताची घडी घालून उभी होती. आंटी आली नव्हती. आठवडाभर आली नाही.

गेल्या सुट्टीत रेवा एक दिवस माझ्याबरोबर कामावर आली. संध्याकाळी आम्ही तिघी लॉसन स्ट्रीटवरून स्टेशनकडे निघालो. पुलावर वारा होता. रेवा भिंतीपाशी थांबली आणि रग्बीवाल्यांच्या चेहऱ्यांवरून एकेक बोट फिरवत चालली. रंग जुना असला की त्याची पूड बोटाला लागते, तशी तिच्या बोटाला थोडी लागली.

आंटी तिच्याजवळ गेली, वाकली आणि विचारलं, “सो, हू इज युवर मॉब, बब?”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मला वाटलं, आता ‘हाफ’ येणार.

“आजी,” ती म्हणाली. “ती वाईची आहे. तिथे नदीला घाट आहे, मी तिथे पाय बुडवले. मग मामा, ती इपोहची, तिचे बाबा कथलाच्या खाणीत होते. मग मावशी, ही.” तिने एकेक बोट दुमडायला सुरुवात केली होती. “आजीची सासू सरूआजी, ती आता नाही. मामाची बहीण पेनांगला आहे, ती मला लाल पाकीट पाठवते…”

आंटी प्रत्येक नावाला मान हलवत होती. मध्येच एकदा थांबवून तिने विचारलं, नदीचं नाव काय? “कृष्णा,” रेवाने सांगितलं. आंटीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, तिच्या नदीचं नाव मरम्बिजी, आणि रेवानेही ते दोनदा म्हणून पाहिलं.

खाली गाडीची घोषणा झाली तेव्हा रेवाची पाच बोटं संपून दुसऱ्या हाताची दोन झाली होती, आणि तिचे बाबा अजून यायचेच होते.